गरोदरपणी मोबाइल आणि बाळाचा मेंदू: येलच्या उंदरांवरून किती घाबरायचं?

रानजाई
कायप्पावर (व्हॉट्सॲपवर) ते ढकलपत्र पुन्हा फिरायला लागलंय. गरोदरपणी मोबाइल वापरला की मूल अतिचंचल होतं, हे म्हणे येल विद्यापीठाने सिद्ध केलंय. मूळ निबंध खरा आहे. 'सायंटिफिक रिपोर्ट्स', मार्च २०१२, ह्यू टेलर यांचा गट. गाभण उंदरिणींच्या पिंजऱ्यावर कॉल चालू असलेला, आवाज बंद केलेला मोबाइल ठेवला, गर्भारपणाच्या पहिल्या दिवसापासून सतराव्यापर्यंत. तुलनेच्या गटावर बंद फोन. पिलं मोठी झाल्यावर चाचण्या घेतल्या, तर फोनखाली वाढलेली जास्त चुळबुळी, स्मरणात कच्ची आणि कमी भित्री निघाली.

मला तीन गोष्टी हव्यात. उंदरांना मिळालेली मात्रा आणि बाईच्या पोटातल्या बाळाला मिळणारी मात्रा यांचा मेळ बसतो का? माणसांवरच्या अभ्यासांत काय दिसलं? आणि गरोदर बाईने प्रत्यक्षात करायचं काय? 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' या छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

मनमाड_पॅसेंजर
उंदरांना अनलिमिटेड कॉलिंग दिलं आणि डेटा दिला नाही. चुळबूळ करतील नाहीतर काय!

टॉवरवाला
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मेळ बसवताच येत नाही, कारण मात्रा मोजलेलीच नाही.

निबंधात फोनचा एसएआर, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे शोषली जाणारी लहरींची ताकद, १.६ वॉट प्रति किलो दिलाय. हा आकडा त्या हँडसेटचा आहे, उंदराचा नव्हे. प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याच्या आकाराचं, द्रवाने भरलेलं भांडं घेतात, फोन पूर्ण ताकदीवर चालवतात आणि सगळ्यात तापलेल्या १ ग्रॅम भागात किती ऊर्जा शोषली गेली ते मोजतात. जेमतेम २५-३० ग्रॅमचा उंदीर फोनपासून ४.५ ते २२ सेंटिमीटरवर इकडेतिकडे फिरत असताना त्याच्या अंगात किती शिरलं, हे त्या आकड्यावरून काढता येत नाही.

त्यात आणखी दोन भानगडी. एक, उंदराचं अख्खं शरीर साधारण दोन-अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास अँटेनासारखं वागतं, उभा माणूस ७०-८० मेगाहर्ट्झला. म्हणजे मोबाइलच्या लहरी उंदराच्या अंगभर शिरतात, माणसात मात्र वरच्या काही सेंटिमीटरमध्ये विरतात. या हिशेबाने उंदराला जास्त मिळालं असेल. दोन, कॉल चालू पण कुणी बोलत नाही अशा वेळी बहुतेक यंत्रणांत फोन प्रसारण कमी करतो, आणि किती ताकद लावायची हे टॉवर ठरवतो. या हिशेबाने कमी मिळालं असेल. नक्की काय झालं ते मोजल्याशिवाय कळणार नाही. असे प्रयोग धडपणे करायचे तर बंदिस्त कक्ष, ठरावीक ताकदीचा सिग्नल जनरेटर आणि उंदराच्या संगणकीय प्रतिकृतीवरून काढलेला एसएआर लागतो. बाजारातला फोन पिंजऱ्यावर ठेवून भागत नाही.

अडीचकी
टॉवरवाल्यांना अनुमोदन. आता आकडेवारीची बाजू.

पिलांवरचा कुठलाही निबंध वाचताना आधी बघायचं की मोजणीचं एकक कोणतं धरलंय, पिलू की आई. एका आईची आठ पिलं म्हणजे आठ स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांचं रक्त एक, गर्भाशय एक, पिंजरा एक. समजा १६० पिलं तपासली, दर आईमागे ८, आणि भावंडांतलं साम्य ०.३ (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे तंतोतंत). मग फुगवटा येतो १ + (७ × ०.३) = ३.१. म्हणजे १६० पिलांची खरी किंमत ५२ च्या आसपास. १६० धरून काढलेला 'पी' आकडा (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) फसवा लहान येतो. इथे तर फोन पिंजऱ्यावर होता, म्हणजे खरं एकक पिंजरा.

शिवाय आईचं वागणं. कॉल चालू असलेला फोन कोमट होतो. त्यामुळे उंदरीण नीट झोपली नाही, पिलांना कमी चाटलं, तरी पिलांचं वागणं बदलतं. हे वेगळं काढायला जन्मतःच पिलांची अदलाबदल करतात, फोनवालीची पिलं बिनफोनवालीकडे आणि उलट. ती पायरी असल्याशिवाय 'लहरींमुळे' असं ठामपणे म्हणू नये.

कडीपत्ता
तुम्ही दोघांनी निबंध पार धुऊन काढलात, पण त्यातली सर्वात दमदार गोष्ट राहिली.

वागणुकीच्या चाचण्यांवर थांबले नाहीत ते. मेंदूचे काप घेऊन प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या कपाळामागच्या सालीच्या) पाचव्या थरातल्या पिरॅमिडल पेशींवर पॅच-क्लँप, म्हणजे एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजायची काचेची बारीक नळी, लावला. या पेशींना शेजारून ग्लुटामेट या निरोप्या रसायनाचे सारखे बारीक बारीक ठोके मिळत असतात, ते मोजले. फोन दिवसाला ९ तास, १५ तास आणि २४ तास असे गट होते, आणि तास वाढले तसे ठोके विरळ होत गेले. विरळ ठोके म्हणजे साधारणपणे पाठवणाऱ्या बाजूचा दोष किंवा जोडण्याच कमी. ठोक्याची उंची घटते तेव्हा घेणाऱ्या बाजूकडे बोट जातं. नुसत्या वळवळीपेक्षा हा पुरावा एक पायरी वरचा आहे, आणि मात्रेनुसार परिणाम दिसणं ही काही योगायोगाने सहज मिळणारी गोष्ट नाही.

माणसाशी जुळवताना मात्र एक ध्यानात घ्या. उंदीर १९-२० दिवसांत जन्मतो आणि जन्मतो तेव्हा त्याचा मेंदू आपल्या मधल्या तिमाहीतल्या गर्भाइतकाच तयार असतो. कॉर्टेक्सच्या पेशी त्याच्यात साधारण ११ ते १७ या दिवसांत बनतात. म्हणजे प्रयोगात पेशी बनण्याचा अख्खा काळ फोनखाली गेला. माणसाच्या शेवटच्या तिमाहीतली मेंदूची वाढ या प्रयोगात आलेलीच नाही.

अडीचकी
@कडीपत्ता, पॅच-क्लँपमध्ये तर एकाच पिलाच्या अनेक पेशी मोजतात. मग एकक पेशी की पिलू की आई? तिथे फुगवटा दुहेरी. मात्रेनुसार परिणाम मान्य, पण 'तास' ही मात्रा तेव्हाच, जेव्हा दर तासाला मिळणारी ऊर्जा सारखी असते. आणि फोनची ऊबही तासांबरोबरच वाढते.

कडीपत्ता
ऊब मान्य. म्हणून तर एका प्रयोगावर थांबायचं नाही. तुर्कस्तानातल्या ओदाजी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ९०० मेगाहर्ट्झ, रोज एक तास, गर्भारपणभर अशी मात्रा उंदरांना देऊन पिलांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागातल्या) ग्रॅन्यूल पेशी मोजल्या, त्या कमी भरल्या. उलट जपानमधल्या ताकाहाशी गटाने २०१० मध्ये २ गिगाहर्ट्झची टॉवरसारखी लहर रोज २० तास दिली, गाभण असताना आणि दूध पाजतानाही. आई आणि पिलं दोन्ही ठणठणीत. जपानी प्रयोगात मात्रा नीट मोजलेली होती. या क्षेत्रात हे वारंवार दिसतं, मोजमाप जितकं चोख तितका परिणाम अंधुक.

गवती_चहा
हे सगळं ठीक, पण सूर असा लागतोय की काहीच नसतं. तंबाखूच्या बाबतीतही वर्षानुवर्षं पुरावा अपुरा आहे असंच सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये मोबाइल लहरींना '२बी' म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता या यादीत टाकलंय. फ्रान्समध्ये हँडसेटबरोबर जी सूचना द्यावी लागते तिच्यात गरोदर बायकांनी फोन पोटापासून लांब ठेवावा असं लिहिलेलं असतं. ते काय वेडे आहेत?

शून्यगुणिले
२बी हे कर्करोगाबद्दल आहे, तेही मुख्यतः डोक्याशी फोन धरणाऱ्या मोठ्या माणसांतल्या ग्लायोमा या मेंदूच्या गाठीबद्दल. गर्भाच्या मेंदूच्या वाढीशी त्याचा संबंध नाही. त्याच २बी यादीत आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. आता डोहाळ्यांच्या बाईचं लोणचं काढून घेणार का? (तिथे चिनी-कोरियन प्रकार अभिप्रेत आहे. आपल्या कैरीला कुणी हात लावलेला नाही.)

फ्रान्सची सूचना खरी आहे, आणि चांगली आहे. पण ती खबरदारी म्हणून दिलीय, हानी सिद्ध झाली म्हणून नव्हे.

मनमाड_पॅसेंजर
कैरी वाचली. आता चर्चा चालू द्या.

पाटीपेन्सिल
दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. जरा लांबेल.

सुरुवात डेन्मार्कपासून. तिथे १९९६ ते २००२ या काळात गरोदर बायकांची मोठी नोंदणी झाली होती. मुलं सात वर्षांची झाल्यावर आयांना एक प्रश्नावली गेली. त्यात मुलाच्या वागणुकीचे २५ प्रश्न होते, आणि गरोदरपणी मोबाइल किती वापरत होता हेही तिथेच विचारलेलं. दिवान आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १३,१५९ मुलांचा हिशेब मांडला. पोटात असताना आणि नंतरही मोबाइलशी संबंध आलेल्या मुलांत वागणुकीच्या अडचणींचं ऑड्स गुणोत्तर (१ म्हणजे फरक नाही, १ च्या वर म्हणजे अडचणी जास्त) १.८०, फक्त पोटात असताना १.५४, फक्त जन्मानंतर १.१८. मग त्याच नोंदणीतली आणखी २८,७४५ मुलं घेतली, तेव्हा पहिला आकडा १.५ वर उतरला.

गोम कुठे आहे बघा. एक, सात वर्षांपूर्वी दिवसातून किती कॉल केले हे आठवून सांगायचं, आणि त्याच बैठकीत मूल कसं वागतं तेही सांगायचं. मूल त्रास देत असेल तर आई कारण शोधतेच. दोन, त्या काळात तिथे मोबाइल जास्त वापरणाऱ्या बायका इतर बाबतींतही वेगळ्या होत्या. गरोदरपणी सिगारेट जास्त, मानसिक आजार जास्त, कामाचा सामाजिक दर्जा खालचा. आकडे यासाठी जुळवून घेतलेत, पण अर्धवट मोजलेली गोष्ट पूर्ण जुळवता येत नाही. तीन, आणि माझ्या मते हीच खरी अडचण, अतिचंचलता प्रचंड आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास येतो. चंचल स्वभावाची आई फोनवर जास्त बोलते आणि तिचं मूलही चंचल निघतं. यात लहरींचा काहीच हात नसला तरी आकडा १ च्या वर जाणार.

आता बाकीचे देश. स्पेनमध्ये ५३० मुलं १४ महिन्यांची असताना तपासली, ठळक काही नाही. ॲमस्टरडॅममध्ये २,६१८ मुलं पाच वर्षांची असताना, आईबरोबर शिक्षकांचंही मत घेतलं, संबंध दिसला नाही. शिक्षकाला आईच्या फोनशी देणंघेणं नसतं, म्हणून त्या मताला वजन आहे. नॉर्वेत ४५,३८९ आई-मूल जोड्या. तिथे गंमत बघा, गरोदरपणी फोन जास्त वापरणाऱ्या आयांच्या मुलांत तिसऱ्या वर्षी वाक्यरचना मागे असण्याची शक्यता २७ टक्क्यांनी कमी! मग लहरींनी मुलं बोलकी होतात म्हणायचं का? नाही. बोलकी आई पोटातल्या बाळापाशी नाही, जन्मलेल्या बाळापाशी बोलते. हाच न्याय डेन्मार्कलाही लावायला हवा.

गवती_चहा
@पाटीपेन्सिल, पाच देश एकत्र करून जो मोठा अभ्यास झाला तो सोयीस्करपणे गाळलात.

पाटीपेन्सिल
गाळला नाही, तिथेच येत होतो. बर्क्स आणि सहकारी, २०१७. डेन्मार्क, कोरिया, नेदरलँड्स, नॉर्वे, स्पेन मिळून ८३,८८४ जोड्या, मुलं ५ ते ७ वर्षांची. अतिचंचलता आणि अवधान नसण्याचं गुणोत्तर मध्यम वापराला १.११, जास्त वापराला १.२८. मुळीच न वापरणाऱ्यांच्या मुलांत अडचणी सर्वात कमी. पण 'मुळीच न वापरणाऱ्या' बहुतांश डेन्मार्कच्या, १९९६ ते २००२ या काळातल्या. १.२८ चा अर्थही नीट घ्या. शंभरातल्या ५ मुलांना त्रास असेल तिथे ६ च्या थोडं वर होतील, तेही सगळा दोष लहरींचाच धरला तर.

संबंध दिसतो, सातत्याने थोडासा दिसतो. कारण लहरी आहेत हे त्यातून निघत नाही, आणि नाहीतच असंही निघत नाही. माझं मत विचाराल तर स्वभाव आणि घरचं वातावरण हीच मुख्य कारणं.

टॉवरवाला
पाटीपेन्सिल यांच्या एका मुद्द्याला पुस्ती. नव्वदच्या दशकातला फोन आणि आजचा फोन यांत ताकदीचा फार फरक आहे. २जीच्या हँडसेटची उसळी ९०० मेगाहर्ट्झवर २ वॉट. वेळेच्या आठ खाचांपैकी एकाच खाचेत बोलतो म्हणून सरासरी पाव वॉट. ४जी फोनची कमाल ०.२ वॉट, आणि सिग्नल चांगला असेल तर तो त्याचा अगदी किरकोळ हिस्सा वापरतो. ३जीमध्ये तर टॉवर सेकंदाला १,५०० वेळा फोनला 'आवाज कमी कर, जास्त कर' सांगत असे. म्हणजे डेन्मार्कचे ते मोजके कॉल आजच्या तासभर बोलण्याइतके, कधी जास्तही भरतील. 'तेव्हा थोडा वापर होता तरी परिणाम दिसला, आता तर दिवसभर वापर' हा युक्तिवाद इथेच पडतो.

आता पोटाचं. सपाट लहर धरून सोपा हिशेब: स्नायूत ९०० मेगाहर्ट्झची ऊर्जा सव्वाचार सेंटिमीटरवर सातव्या हिश्श्यावर येते. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झ तेवढीच घसरण सव्वादोन सेंटिमीटरमध्ये करते. ५जीची ३.५ गिगाहर्ट्झ तर दीड सेंटिमीटरमध्ये. म्हणजे ५जीने जास्त खोल जातं ही समजूत उलटी आहे.

सातवा_महिना
वैद्यकीय बाजूने भर घालते. पहिल्या बारा आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कड्याच्या आत असतं, मूत्राशयाच्या मागे. पोटावर फोन ठेवला तरी बाळ त्याच्यापासून बरंच लांब. शेवटच्या महिन्यात बहुतेक बाळांचं डोकं खाली कटिभागात उतरलेलं असतं आणि फोन मात्र टेकवला जातो बेंबीच्या वर, म्हणजे बाळाच्या पायांपाशी. मधल्या महिन्यांत बाळ कसंही फिरतं, आणि बारीक अंगाच्या बाईत पोटाची भिंत पातळ असते. तेवढ्या काळात अंतराला थोडा अर्थ आहे.

आणि आपल्याकडे खरा प्रकार वेगळाच चालतो. गर्भसंस्काराचं ॲप लावून फोन थेट पोटावर, तेही तासतासभर, इंटरनेटवरून ऑनलाइन. पोटाला फोन चिकटवून ठेवण्याचं दुसरं इतकं नियमित कारण क्वचितच सापडेल! त्याची गरजच नाही. बाळाला आवाज जाणवायला लागतो साधारण २४ आठवड्यांनंतर. पोटातून जाताना वरच्या पट्टीचे स्वर गळतात, खालच्या पट्टीचे पोचतात, आणि आईचा आवाज तर शरीरातूनच जातो. म्हणून ऑडिओ आधी उतरवून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका, हातभर लांब टेबलावर ठेवा आणि साध्या बोलण्याइतका आवाज ठेवा. पोटावर हेडफोन बांधायचे नाहीत. एअरप्लेन मोड लावल्यावर वाय-फाय आणि ब्लूटूथची चिन्हं बघून घ्या. नवे फोन मागच्या वेळची आठवण ठेवतात आणि ते दोन्ही चालूच राहतात.

शून्यगुणिले
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कुणीतरी.

कोथरूडकर_नव्हे
रेडिएशन अडवणारे पोटपट्टे आणि चांदीच्या जाळीचे दुपट्टे मिळतात ऑनलाइन. ते घ्यावेत का? फोनच्या मागे लावायची चिपही मिळते.

टॉवरवाला
चिपने काही होत नाही. होत असेल तर ते वाईटच. अँटेना झाकली की टॉवरला फोन नीट ऐकू येत नाही आणि तो फोनला ताकद वाढवायला सांगतो. पारखायची सोपी रीत आहे: चिप लावून आणि काढून सिग्नलची ताकद सांगणारा डीबीएम आकडा बघा (तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). तसाच राहिला तर चिप निकामी. घसरला तर फोन आता जास्त जोर लावतोय.

पट्ट्याची गोष्ट वेगळी. धातूची जाळी लहरी अडवते हे खरं. पण ती समोरूनच झाकते, आणि बाई फोन हातात घेऊन बसली की लहरी बाजूने, वरून, खोलीच्या भिंतीवर आपटून येतातच. फोन पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कुर्त्याच्या खिशात राहिला तर जाळी उलट परावर्तकाचं काम करते. ३० सेंटिमीटर अंतराला पैसे पडत नाहीत. ०.२ वॉटचा फोन पूर्ण ताकदीने बोलत असला तरी १ मीटरवर दर चौरस मीटरला १६ मिलिवॉट उरतात, ३० सेंटिमीटरवर १७७.

मनमाड_पॅसेंजर
ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने गाईच्या शेणाची चिप काढली होती. तिची डीबीएम चाचणी कुणी केली का? फोन गोठ्यात ठेवला तर फुल रेंज येईल काय?

संपादक
कृपया शेण इथेच थांबवावे. विषयावर या.

गवती_चहा
विषयावरच विचारते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर असेल तर? तो २४ तास चालतो, फोन तरी आपण खाली ठेवतो.

टॉवरवाला
समजा अँटेना २० वॉटची, झोत एकवटून समोर ५० पट. ५० मीटरवर ऐन झोतात उभं राहिलं तर दर चौरस मीटरला सुमारे ३२ मिलिवॉट. म्हणजे मीटरभरावर पूर्ण जोर लावणाऱ्या फोनच्या दुप्पट. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झला ती ४५० मिलिवॉट येते, १८०० ला ९००. अँटेनाच्या बरोबर खालच्या मजल्यावर सहसा कमी असतं, कारण झोत आडवा जातो. समोरच्या इमारतीचा त्याच उंचीचा मजला बघायचा. शंका असेल तर दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' पोर्टल आहे. तिथे आपल्या भागातल्या टॉवरची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीही मागवता येते. २०१७ मध्ये पोर्टल सुरू झालं तेव्हा ते ४,००० रुपये होतं.

सोसायट्या आंदोलन करून टॉवर हटवतात तेव्हा पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही. टॉवर लांब गेला की इमारतीतला प्रत्येक फोन जोर लावायला लागतो. टॉवर मिलिवॉटभर कमी झाला आणि कानाला, पोटाला टेकलेला फोन पन्नास-शंभर पटीने वाढला, असला हा सौदा.

कडीपत्ता
अवांतर: पोटाच्या सर्वात जवळचं उपकरण खरं तर इंडक्शन शेगडी. ओट्याची उंची बघा, शेगडीची कड आणि सातव्या महिन्याचं पोट यांत बोटभर अंतर. तिथे मोबाइलच्या लहरी नसतात, २० ते १०० किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि परिणाम तापण्याचा नव्हे तर अंगात प्रवाह निर्माण होण्याचा. शेगडीच्या गोलापेक्षा लहान भांडं ठेवलं किंवा भांडं मधोमध नसलं की क्षेत्र बाहेर सांडतं. गोल पूर्ण झाकणारं भांडं ठेवा, मागच्या बाजूची शेगडी वापरा, हातभर मागे उभ्या राहा.

पाटीपेन्सिल
चुंबकीय क्षेत्राचा विषय निघालाच म्हणून: २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या ली आणि सहकाऱ्यांनी १,४८२ जोड्यांत गरोदरपणी अंगावर मीटर बांधून २४ तास मोजलं. जास्त क्षेत्रातल्या आयांच्या मुलांत अतिचंचलतेचं निदान जवळपास दुप्पट. आठवणीवर न विसंबता मोजलं, ही जमेची बाजू. पण नऊ महिन्यांतला एकच दिवस, आणि जी बाई जास्त हिंडते-फिरते तिच्या मीटरवर आकडाही जास्त येतो.

सातवा_महिना
लहरींवर इतकं बोलणं झालं, पण बाळाच्या मेंदूला निश्चित मारक ठरलेल्या गोष्टी बाजूलाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. लोहाच्या ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक आम्लाच्या ५०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि त्या चहाबरोबर गिळल्या जातात. चहाने लोह अडतं. मध्ये दोन तास जाऊ द्या. मीठ आयोडीनयुक्त वापरा आणि डब्याचं झाकण घट्ट ठेवा.

कोथरूडकर_नव्हे
धागा मोबाइलचा आहे ना?

पाटीपेन्सिल
आहे, आणि याचा संबंधही आहे. कोरियात १,१९८ जोड्यांत मुलं ३६ महिन्यांची होईपर्यंत तपासली. काही बायकांच्या अंगावर लहरी मोजणारा मीटरही लावला होता. एकूणात गरोदरपणच्या मोबाइलचा परिणाम दिसला नाही. पण ज्या आयांच्या रक्तात शिसं जास्त होतं त्यांच्यात फोनवर बोलण्याचा वेळ आणि मुलांचे विकासाच्या चाचणीतले कमी गुण यांचा संबंध पुसट दिसला. तो योगायोगही असेल. पण शिशाची हानी योगायोग नाही, ती पक्की आहे. सुट्या हळदीत चकाकीसाठी शिशाचं पिवळं क्रोमेट मिसळतात, शिसं असलेला जुना रंग खरवडतात, बिनभरवशाच्या कल्हईतही शिसं असू शकतं. गरोदर बाईने यापासून लांब राहणं हे फोन लांब ठेवण्याच्या कितीतरी वरचं काम.

रानजाई
सर्वांचे आभार, धागा वाचनखुणेत टाकलाय. आता तिसरा प्रश्न नेमका करून विचारते. पाचवा महिना, गाव कोकणात, घरात सिग्नलची जेमतेम एक काडी, आणि काम घरून, दिवसाला तीन-चार तास फोनवर. ती बाई नोकरी सोडणार नाही. तिने काय करायचं?

टॉवरवाला
ही खरी जोखमीची परिस्थिती, कारण एका काडीवर फोन कमाल ताकदीच्या जवळ असतो. आधी घरात हिंडून आकडा बघायचा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस, सिग्नल स्ट्रेंग्थ. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून येणाऱ्या पानावर. ४जीला उणे ८० च्या आसपास छान, उणे ११० ला फोन घाम गाळतो. चिऱ्याच्या जाड भिंतीआड उणे ११२ असेल तर पडवीत किंवा खिडकीत उणे ९२ सापडू शकतो. २० डीबीचा फरक म्हणजे फोनला १०० पट कमी ताकद पुरते. फोन तिथे ठेवा आणि आपण दीड-दोन मीटरवर तारेचा हेडसेट लावून बसा. तार आखूड पडली तर ब्लूटूथ चालेल, त्याची ताकद काही मिलिवॉटची.

गावात फायबर आलं असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. मग फोन लांबच्या टॉवरशी नव्हे, खोलीतल्या राउटरशी बोलतो.

शून्यगुणिले
तिने फोन मांडीवर ठेवून काम करू नये, हेही लिहा. शरीराजवळच्या एसएआरची चाचणी ५ ते १५ मिलिमीटर अंतर राखून केलेली असते, आणि ते अंतर हँडसेटच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेलं असतं. कुर्त्याच्या खिशात ते शून्य होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सने आयफोन १२ ची विक्री थांबवली ती याच प्रकारच्या मोजणीवरून. हातात-खिशात धरल्यावरचा आकडा ५.७४ आला, मर्यादा ४. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून तो खाली आणला. भारतात मर्यादा १.६ वॉट प्रति किलो. आपल्या फोनचा आकडा *#०७# लावून दिसतो. पण तो कमाल ताकदीवरचा असतो. दोन फोनांतला ०.९ आणि १.२ यांचा फरक बघून नवा फोन घेण्यात अर्थ नाही. एक काडी आणि चार काड्या यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा.

गवती_चहा
एवढं सगळं सांगताय म्हणजे काळजी करण्यासारखं आहे हे मान्य केलंत तर!

अडीचकी
काळजी नाही, फुकटातली खबरदारी. हेडसेटला दोनशे रुपये पडतात, पोटपट्ट्याला हजारो. पुराव्याचं वजन पहिल्याला पुरेसं आहे, दुसऱ्याला नाही.

रानजाई
वाय-फाय कॉलिंग चालू केलं तरी वरच्या पट्टीवर तसं चिन्ह येत नाही. काय राहिलं असेल?

टॉवरवाला
कंपनीकडून ती सेवा त्या सिमवर चालू आहे का बघा. मग सिमच्या सेटिंग्जमध्ये 'वाय-फायला प्राधान्य' निवडा. नाहीतर एक काडी असली तरी फोन टॉवरलाच धरून बसतो. तरीही जमलं नाही तर एअरप्लेन मोड लावून नुसतं वाय-फाय चालू करा आणि एक कॉल लावून बघा. लागला तर सेवा चालू आहे, फक्त प्राधान्य चुकलंय.